पेटी खाली ठेवायची नाही

दोर्कास सिस्टरला कुणी ‘नाही’ म्हटलं की तिच्या डाव्या भुवईवरची एक शीर उडायला लागायची. मिरानेत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा सिउने तर ती शीर दिसली की कॉफीच्या मळ्यात काहीतरी राहिलंय असं पुटपुटत निघूनच जायचा. बाई बावन्न वर्षांची, उंचीनं जेमतेम, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि अंगात आरोग्यखात्याचा निळा शर्ट, तोही कोपरांवर विरलेला. मिरानेचा दवाखाना ती चोवीस वर्षं एकटीच्या जिवावर चालवत होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, छपरावर सोलरची पाटी आणि त्या पाटीवर चालणारा एक बुटका फ्रीज. नवऱ्यापेक्षा ती फ्रीजला जास्त जपते असं गाव म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिचं सगळं भांडण एका वस्तीवरून होतं. कुंबुगा डोंगराच्या पलीकडच्या खांद्यावर, ढगांत बसलेली केराओ. मिरानेहून चार दिवसांची वाट. आधी चिखलाचं जंगल, मग बांबूचं रान, मग गवताळ पठार आणि तळं, मग खिंड, जिथं पहाटे गवत पायाखाली कडकडा मोडतं, आणि त्यानंतर केराओ. दोन वर्षांपूर्वी तिथं गोवर शिरला. बातमी खाली पोचेस्तोवर महिना गेला. अकरा पोरं गेली. दोर्कासनं जिल्ह्याच्या ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं, या नावाची वस्ती यादीत आढळत नाही. म्हणजे अकरा पोरं जिथं मेली ते गावच नव्हतं. तो कागद तिनं फ्रीजच्या दारावर चिकटवला, औषध काढताना रोज डोळ्यांपुढे यावा म्हणून.

वर अजून तेवीस मुलं होती. त्यांना लस टोचून यायचं, एवढीच तिची मागणी. लशीची मोठी पेटी बर्फाच्या आठ लाद्या भरून बंद केली की चार दिवस गार राहते. वाटही चारच दिवसांची. पण कुंबुगावर ओझं माणसाच्या पायांनी चालत नाही, जमिनीच्या हद्दींनी चालतं. मिरानेच्या गड्यांनी ते गोंदिनच्या ओढ्यापर्यंत न्यायचं. तिथून देंगाकू कुळाचे गडी. तळ्यापासून नोलकू. खिंडीपलीकडे केराओची माणसं. दुसऱ्याच्या जमिनीवर ओझं घेऊन कुणी पाय टाकत नाही, कारण तिथं पाय घसरून मेला तर त्या मरणाचा जाब जमिनीच्या मालकाला द्यावा लागतो आणि मग पिढ्यानपिढ्या निस्तरत बसावं लागतं. त्यामुळे प्रत्येक हद्दीवर ओझं खाली ठेवायचं, बसायचं, वर्तमानपत्राच्या कागदात तंबाखू वळायची, रताळी भाजायची, एकमेकांच्या डुकरांची खुशाली विचारायची, आजोबांच्या वेळचं एखादं भांडण उकरून काढून परत पुरायचं. अर्धा दिवस कुठं जातो कळत नाही. पुरुषांची वाट ती. सहा दिवस धरून चालायचे.

पहिल्या वेळी दोर्कासनं सगळं रीतसर केलं. याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला. सुरूच्या झाडाखाली बैठक बसवली. कौन्सिलर कागुल पांढरी टोपी घालून मधोमध बसला आणि त्यानं तोडगा सांगितला. सगळ्या हद्दींवर आधीच गाठीची दोरी पाठवायची. जितक्या गाठी तितके दिवस. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की गड्यांनी हद्दीवर येऊन थांबायचं. म्हणजे पेटी पोचते न पोचते तोच उचलली जाईल. जेवणावळींची बोलावणी अशीच जातात, कधी चुकत नाहीत, असं तो म्हणाला. दोर्कासलाही पटलं.

दवाखान्याच्या साठ्यातल्या सहा बाटल्या घेऊन पेटी निघाली, दोर्कासही बरोबर. पहिल्या दिवशी पाऊस लागला तरी संध्याकाळच्या आत गोंदिनला पोचली. ओढ्याच्या पलीकडे कुणी नव्हतं. चुलीतली राख गार, रताळ्यांची सालं पडलेली, आणि वाटेवर दोन काठ्यांच्या मध्ये गोरगोरचं लांब पान गाठ मारून आडवं बांधलेलं. ते पान म्हणजे बंदी. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्यानं ओलांडलं तर कुऱ्हाडी निघतात.

झालं होतं असं, की मिरानेत दोरी हाती आली की पहिली गाठ दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सोडतात, आणि देंगाकूंमध्ये दोरी हाती पडली त्याच दिवशी. जेवणावळीला एक दिवस मागेपुढे झाला तर कुणाचं काय बिघडतं? डुक्कर काही पळून जात नाही. त्यामुळे दोन्हीकडच्यांनी इतक्या वर्षांत हे एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. देंगाकूंचे गडी आदल्या दिवशी येऊन, दिवसभर ताटकळून, आपल्याला मुद्दाम खुळ्यात काढलं असं समजून पान बांधून निघून गेले होते.

मिरानेच्या गड्यांनी पेटी सावलीत ठेवली आणि ते बसले. दोर्कासनं विनवलं, मग शिव्या घातल्या, मग पुन्हा विनवलं. त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, “सिस्टर, त्या पानावर पाय टाकला तर तुम्ही आलात टोचायला आणि बसाल टाके घालत.” निरोप्या वर गेला. पाच दिवसांनी परत आला तो एवढंच घेऊन की देंगाकूंचं डोकं अजून गरम आहे. लशीच्या बाटलीवर एक पांढरा चौकोन असतो. लस तापत गेली की तो काळवंडतो, आणि काळा झाला की बाटलीत नुसतं पाणी आहे असं समजायचं. दोर्कासनं तिथंच ओढ्याकाठी पेटी उघडून पाहिली. सहाच्या सहा बाटल्यांचे चौकोन काळे. दवाखान्यामागं खड्डा खणून तिनं त्या पुरल्या, आणि त्या दिवशी तिला कुणी हाक मारायची हिंमत केली नाही.

कागुल मात्र बोललाच. डोंगराला मंजूर नाही, असं तो गावभर सांगत फिरला, स्वतःवरचा ठपका टळल्यासारखा. ऑफिसचं पत्रही आलं. लस वाया का घालवली याचा खुलासा करा, पुन्हा असं झालं तर बदली होईल आणि फ्रीज दुसरीकडे हलवला जाईल. दोर्कासनं तेही पत्र फ्रीजच्या दारावर चिकटवलं, पहिल्याच्या खाली.

दुसरा बेत ठरला तो रताळ्यांच्या मळ्यात. त्या सकाळी तिची जाऊ कुइयो वेल उपटता उपटता एका माणसाला शिव्या घालत होती. कुइयोचा आवाज असा, की पलीकडच्या टेकडीवरची कोंबडी घाबरावीत. गोंदिनला पान बांधणारा तो माणूस तिचाच सख्खा भाऊ होता. “मला नुसतं जाऊ द्या तिथं,” ती म्हणत होती. “बघतेच कसं सोडत नाही ते. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय.” बाया हसल्या. दोर्कास हसली नाही. ती कुदळ टेकून कुइयोकडे बघत राहिली.

कुइयो देंगाकूंची लेक. त्या तिकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटत तण काढणारी म्हातारी मारिनेम नोलकूंची. आणि बोंगरे, जिला तेवीस पोरांची नावं तोंडपाठ होती कारण त्यांतली चार तिच्या बहिणीची, ती केराओची. आपल्या कुळात कुणी लग्न करत नाही, त्यामुळे गावातली एकूण एक बाई कुठून ना कुठून आलेली. डोंगराच्या वाटेवरचं प्रत्येक कुळ मिरानेच्या एका आळीत नांदत होतं, आणि चोवीस वर्षं तिथं राहून दोर्कासला ते दिसलं नव्हतं. पुरुषांना हद्द असते. लेकीला बापाच्या जमिनीवर हद्द कसली? ती कधीही येईल, कितीही ओझं घेऊन येईल, आणि तिच्या मागून चालणारी तिची सोबतीण असेल.

“पेटी खाली ठेवायचीच नाही,” दोर्कास एकदम मोठ्यानं म्हणाली. “आपणच न्यायची. एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर.”

मारिनेमनं मान वर केली. “पोरी, मी पासष्टीची आहे.”

“म्हणून तर. नोलकूंच्या जमिनीवर तुझ्यापुढं उभं राहायला आहे कोण?”

म्हातारीनं विचार केला. तसं कुणी नव्हतंच. तिच्या वयाचे सगळे मेले होते आणि बाकीचे तिचे पुतणे होते.

गावात हे कळलं तेव्हा पुरुष आधी हसले आणि मग चिडले. कागुलनं पुन्हा बैठक बोलावली. तळ्यावर बायकांनी जायचं नसतं, डोंगर चिडतो, वाट बुडवणारा पाऊस लावतो, असं त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. दोर्कासची शीर उडायला लागली. सिउने उठून मळ्याकडे निघाला होता, पण त्या दिवशी का कोण जाणे, तो परत येऊन मागं बसला.

“कागुल भावजी,” दोर्कास म्हणाली, “बोंगरे लग्नाला काय उडत आली होती?”

बैठकीत खसखस पिकली. कागुल म्हणाला, नवरीची गोष्ट वेगळी.

“वेगळी कशी? नवरी खाली येते तेव्हा डोंगर झोपलेला असतो, आणि पोरांना लस घेऊन वर जाते तेव्हा जागा होतो? मारिनेम मावशी लग्नाआधी त्याच तळ्याचं पाणी भरायची. अकरा पोरं मेली तेव्हा तुमचा डोंगर कुणावर चिडला होता ते सांगा मला.”

कागुलनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. पण एकदा सगळ्यांसमोर बोलून बसला होता, आणि बोललेलं मागं घ्यायची सवय त्याच्या घराण्यात नव्हती. गावातला एकही गडी तुमच्याबरोबर येणार नाही, एवढं सांगून तो उठला. दोर्कास म्हणाली, मागितलाय कुणी?

मग लस मिळवायची. ती ट्रकनं चार तास खडखडत जिल्ह्याच्या गावी गेली. ऑफिसात नवा पोरगेला अधिकारी होता. केराओ यादीत नाही, यादीत नसलेल्या वस्तीला लस देता येत नाही, हे त्यानं तिला तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत दोर्कासनं आपलं मिरानेचं रजिस्टर त्याच्यापुढं उघडून ठेवलं. तिनं तेवीस नवी नावं लिहिली होती, आणि सगळ्यांच्या पत्त्यापुढं स्वतःचं घर.

“एका घरात तेवीस मुलं?” तो म्हणाला.

“घर मोठं आहे.”

“सगळी आठ वर्षांच्या आतली?”

“नवरा कष्टाळू आहे,” दोर्कास म्हणाली.

पोरग्यानं तेवीस नावांवरून बोट फिरवलं. मग मान वर न करता त्यानं शिक्का मारला आणि दहा-दहा मात्रांच्या चार बाटल्या दिल्या. या वेळी चौकोन काळे झाले तर मी तुम्हांला वाचवू शकणार नाही, असं तो हळूच म्हणाला. हे त्यानं धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, आणि दोर्कासला ते कळलं.

पुढचा दीड महिना नुसती तयारी. आधी पिशवी. बाया ओझं कपाळाला पट्टा अडकवून पाठीवरच्या जाळीदार पिशवीत वाहतात, पण पेटीच्या मापाची पिशवी कुठली असायला? चौघींनी मांडीवर सालीचा दोर वळून ती नव्यानं विणली. रोज संध्याकाळी बसून अकरा दिवस लागले. तळाशी दुहेरी वीण घातली, पेटी आडवी होऊ नये म्हणून. कुइयोनं हट्टानं मधे लाल लोकर घातली. कशाला असं विचारलं तर म्हणाली, माझ्या भावाला लांबून दिसावी.

मग पेटीत दगड भरून सराव. भरलेली पेटी अठरा किलोची, म्हणजे रताळ्यांच्या ओझ्यापुढं काहीच नाही, पण रताळी हलली तर चालतात. चौघी दररोज दगड घेऊन कॉफीच्या मळ्यापर्यंत चढायच्या आणि उतरायच्या, आणि पट्टा या कपाळावरून त्या कपाळावर पेटी जमिनीला न टेकवता कसा घ्यायचा याची तालीम करायच्या. वाटेवर बसलेले गडी विचारायचे, वर दगड कमी पडलेत का म्हणून. मारिनेम थांबून त्यांना सांगायची, दगड नाहीत रे, तुमची अक्कल आहे, म्हणूनच एवढी हलकी लागतेय.

दुपारनंतर डोंगरावर पाऊस ठरलेला, म्हणून चालायचं पहाटे चारला आणि दोनच्या आत मुक्काम गाठायचा. पहिला मुक्काम गोंदिनच्या वर कुइयोच्या मावशीकडे. दुसरा तळ्याच्या पलीकडच्या कड्याखाली, जिथं पाऊस आत येत नाही. तिसरा खिंडीखाली, उघड्यावर, आणि तोच कठीण, कारण तिथं लाकूड मिळत नाही. म्हणून दुसऱ्या मुक्कामावरून प्रत्येकीनं सुक्या लाकडांची मोळी वर न्यायची. भाजलेली रताळी, तांदूळ, डब्यातली मासळी, बिस्किटं, चहा, साखर. केवड्याच्या पानांच्या चार चटया, अंथरायला आणि पांघरायलाही. पायांना चोळायला डुकराची चरबी. दोर्कासनं हे सगळं वहीत लिहून काढलं आणि प्रत्येक गोष्टीपुढं ती कुणी उचलायची ते लिहिलं. मारिनेमला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती रोज वही मागवून आपल्या नावापुढं काय आहे ते वाचून दाखवायला लावायची आणि कमी वाटलं की भांडायची.

उरला बर्फ. बुटक्या फ्रीजमध्ये कडक ऊन असेल तर दिवसाला दोन लाद्या गोठायच्या. आठ लाद्यांना चार दिवसांचं ऊन हवं. तीन दिवस ऊन पडायचं, चौथ्या दिवशी ढग यायचे, आणि गोठलेल्या लाद्यांना घाम फुटायचा. असं दोनदा झालं. दोर्कास अंगणात उभी राहून आभाळाकडे अशी बघायची की सिउनेलाच आभाळाची कीव यायची. तो या सगळ्यात एक शब्द बोलला नव्हता. पण एका सकाळी पेटीच्या झाकणावर ट्यूबच्या रबराचा रुंद पट्टा ताणून बसवलेला दिसला, झाकण हिसक्यानं उघडू नये म्हणून. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती.

शेवटी सलग चौथ्या उन्हाच्या दिवशी आठही लाद्या दगडासारख्या झाल्या आणि दुसऱ्या पहाटे चौघी निघाल्या. निरोप द्यायला बाया होत्या. गडी नव्हते, एक सिउने सोडून.

गोंदिनला पान बांधलेलंच होतं, वाळून पिवळं झालेलं. दोर्कासनं या वेळी दोरी पाठवली नव्हती, पण बातमीला दोरी लागत नाही. ओढ्यापलीकडे कुइयोचा भाऊ तीन गड्यांसह उभा होता, हातात कुऱ्हाड, चेहरा ताठ. दोर्कासच्या पाठीवरची पेटी कुइयोनं आपल्या कपाळावर घेतली आणि ती पाण्यात उतरून थेट पानासमोर जाऊन उभी राहिली.

“सोड,” ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, मिरानेच्या माणसांनी आम्हांला दिवसभर ताटकळत ठेवलं. आधी त्यांनी येऊन मन राखावं, डुक्कर आणावं.

“मिरानेचं डुक्कर हवंय तुला? माझ्या लग्नात मिरानेहून देजाची नऊ डुकरं आली, ती कुठं गेली? तीच देऊन तू बायको आणलीस. तुझी बायको माझ्या डुकरांवर आलीये, तुझी पोरं माझ्या डुकरांवर जन्मलीत. आज बहीण बापाच्या दारात उभी आहे डोक्यावर ओझं घेऊन, आणि तू तिला पान दाखवतोस?”

मागचे तीन गडी जमिनीकडे बघायला लागले. त्यांच्याही बहिणी होत्या, आणि त्याही कुठंतरी नांदत होत्या.

भाऊ म्हणाला, “ओझं मिरानेचं आहे.”

“डोकं देंगाकूंचं आहे,” कुइयो म्हणाली. “माझी मान दुखतेय. सोड.”

त्यानं सोडलं. गाठ इतकी वाळली होती की त्याला दातांनी ओढावी लागली. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून दोर्कासला त्याची दया आली. कुइयोला आली नाही. बाजूनं जाताना तिनं त्याला आपलं रताळ्यांचं गाठोडं उचलायला लावलं, आणि तो मुकाट्यानं मावशीच्या घरापर्यंत ते घेऊन आला.

तळ्यावर नोलकूंचे दोन तरणे पुतणे वाट अडवायला आले होते. मारिनेमनं पेटी पाठीवरून न काढता त्यांना त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली, लहानपणी कोण किती वर्षं अंथरूण ओलं करत होता ते सगळ्यांदेखत सांगितलं, आणि पुढं चालू लागली. ते मागून आले, थोडं अंतर ठेवून, आणि कड्याखाली लाकूड तोडून देऊन गेले. डोंगर चिडला नाही. पाऊस आला तो रोजच्यासारखा दुपारी दोननंतर.

तिसरी रात्र मात्र सगळ्यांनाच भारी गेली. खिंडीखाली वारा असा, की मोळ्या पेटल्या तरी ऊब अंगाला लागेना. चौघी चार चटया एकीवर एक घेऊन पेटीभोवती गोळा होऊन बसल्या. मारिनेमचे ओठ निळे पडले. दोर्कासनं तिचे पाय आपल्या शर्टाच्या आत पोटाशी धरले आणि मनात म्हणाली, हिला काही झालं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. तसं तिनं बोलूनही दाखवलं. मारिनेम दात वाजवत म्हणाली, बडबड करू नकोस, गार वारा तोंडात जातो. सकाळी म्हातारी सगळ्यांच्या आधी उठून उभी होती, आणि खिंडीच्या माथ्यापर्यंतची पाळी तिनं कुणाला दिली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी केराओ दिसलं. बोंगरे पुढं होती, पेटी तिच्या पाठीवर. वस्तीच्या कुंपणापाशी एक म्हातारा उभा होता, अंबाने त्याचं नाव, बोंगरेच्या बापाचा थोरला भाऊ. त्यानं बोंगरेच्या डोक्यावर हात ठेवला, पण वाट सोडली नाही. त्याची नजर दोर्कासच्या निळ्या शर्टावर होती.

“ऑफिसनं पाठवलंय का तुम्हांला?” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी आम्ही निरोप पाठवला होता. ऑफिसची माणसं असाल तर आलात तशा परत जा.”

दोर्कासला उभं राहवत नव्हतं. हो म्हणून वाद घालण्याइतकी ताकद नव्हती, आणि खोटं बोलण्याची तर त्याहून नव्हती.

“बाबा, ऑफिसच्या यादीत तुमचं गावच नाही,” ती म्हणाली. “ऑफिसनं नको म्हटलं. आमच्या गावच्या पुरुषांनी नको म्हटलं. आम्हांला कुणी पाठवलं नाही. आम्ही आलो.”

म्हाताऱ्यानं चौघींकडे पाळीपाळीनं पाहिलं. मारिनेमच्या फुटलेल्या ओठांकडे जरा जास्त वेळ. मग तो बाजूला झाला.

रात्रीचे मुक्काम सोडले तर पेटी पहिल्यांदा खाली ठेवली गेली ती अंबानेच्या घराच्या ओट्यावर. दोर्कासनं रबराचा पट्टा काढला, झाकण उचललं. लाद्यांत बरंच पाणी झालं होतं, पण हलवल्यावर आत बर्फाचे तुकडे खडखडत होते. तिनं पहिली बाटली उजेडात धरली. दुसरी. तिसरी. चौथी. मग पुन्हा पहिली. कुइयोला धीर धरवेना.

“बोल की जाऊबाई.”

“पांढरा आहे,” दोर्कास म्हणाली. “सगळे पांढरे आहेत.”

गोंदिनला भावापुढं न डगमगलेली कुइयो तिथंच मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मारिनेमनं तिला गप्प बसायला सांगितलं आणि स्वतःचे डोळे पुसले.

लस एकदा पाण्यात मिसळली की सहा तासांत टोचून संपवायची असते. आणि केराओची पोरं निळा शर्ट आणि सुई बघून रानात पसार झाली. आया त्यांच्यामागं, आज्या आयांच्या मागं. पहिलं पोर हाती लागलं तर त्याला धरता धरता तिघी थकल्या. तेवढ्यात एक बाई पुढं आली. तिच्याबरोबर पोर नव्हतं. बोंगरेनं दोर्कासच्या कानात सांगितलं, ही ओपिना, गोवरात हिची दोन्ही गेली. ओपिना ओट्यावर बसली, पोराला मांडीवर घेतलं, त्याचे पाय आपल्या गुडघ्यांत आणि हात आपल्या काखेत धरले. पोर हलू शकलं नाही. पोराला कसं धरायचं हे ती विसरली नव्हती.

एकामागून एक तिनं सगळी धरली. दोर्कास टोचत गेली, वहीत नावापुढं खूण करत गेली. बावीस झाली. एक राहिलं. जेमतेम वर्षाचं पोर, त्याच्या आईनं ते घरात पिशवीत गुंडाळून लपवलं होतं आणि ती दारात आडवी उभी होती. सुईनं पोर मरेल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

“उशीर झाला आम्हांला,” दोर्कास ओपिनाला म्हणाली. हे तिला चार दिवस बोलायचं होतं, आणि खरं तर दोन वर्षं.

“झाला,” ओपिना म्हणाली. तिनं ‘असू दे’ म्हटलं नाही. मग ती उठली, त्या दाराशी गेली आणि आईला म्हणाली, “माझी दोन्ही सुईशिवायच मेली. आण त्याला इकडे. मी धरते.”

आई हलली नाही. ओपिनाही हलली नाही. शेवटी आईनंच मागं वळून पिशवी उचलली आणि तिच्या हातात दिली.

ओपिना ओट्यावर येऊन बसली. दोर्कासनं पोराचा दंड पुसला आणि सुई टोचली. पोरानं असा टाहो फोडला की समोरच्या दरीतून तो परत ऐकू आला. आई कानांवर हात ठेवून खाली बसली. ओपिनानं मात्र त्याला छातीशी घट्ट धरलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “रड. अजून मोठ्यानं रड. पार खाली ऐकू जाऊ दे त्यांना.”